साडेतीन टक्के

केरीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांमागे, परेश केरकरचं आठ खोल्यांचं ‘सुरूबन’ आहे. खोल्यांपुढे खानावळ, खानावळीपुढे वाळू आणि वाळूपुढे समुद्र. यातला समुद्र सोडला तर बाकी प्रत्येक गोष्टीवर कुणी ना कुणी काही ना काही कापून घेतं, असं परेशचं मत होतं. पंचायत घेते, वीजखातं घेतं, ज्या संकेतस्थळावरून खोल्या भरतात ते तर पंधरा टक्के घेतं. पण या कुणावर त्याचा राग नव्हता. त्याचा सगळा राग काउंटरवरच्या कार्डाच्या मशीनवर होता.

देशी कार्डाला दोन टक्के, परदेशी कार्डाला साडेतीन. त्या कापलेल्या रकमेवर परत सरकारचा कर. शिवाय मशीनचं महिन्याचं भाडं, तेही पावसाळ्यात ‘सुरूबन’ला टाळं असताना चालूच.

“म्हस आमी पोसायची, पेंड आमी घालायची,” तो येईल त्याला सांगायचा, “आणि दूध मात्र बँकेन काढून न्हेवचा.”

इथली माणसं फोनने चौकोन टिपून पैसे देतात, त्याला काही कापलं जात नाही. पण गोरे पाहुणे कार्ड काढतात. कार्ड मशीनला लागलं की मशीन टुक् असं वाजायचं, आणि त्या आवाजाबरोबर परेश मनातल्या मनात साडेतीन टक्के काढायचा. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर होता. आपण कुठे लुबाडले जातोय हे त्याला दोन दशांश स्थळांपर्यंत कळायचं. आपण कुणाला लुबाडतोय हे कळायची शाखा बहुधा वेगळी असावी.

यंदाच्या फेब्रुवारीत एक परदेशी जोडपं तीन आठवडे राहिलं. बिल झालं शेचाळीस हजार. परेशने मशीन पुढे सरकवलं, आणि सरकवताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं असेल ते बघून त्या पाहुण्याने विचारलं की, फोनमधलं नाणं चालेल का? डॉलरच्या भावाचं, बिनबँकेचं, बिनकापाकापीचं नाणं.

परेशने समोरच्या प्रज्योतला हाक मारली. प्रज्योत भाड्याने स्कूटर देतो आणि उरलेल्या वेळात जगातल्या सगळ्या गोष्टींची माहिती देतो.

“घे रे परेशभाई, डोळे झाकून घे,” प्रज्योत म्हणाला. “त्याच्या फोनातसून तुज्या फोनात. मधी बँक ना, मशीन ना, कोण म्हणजे कोण ना.”

“आणि हाचे रुपये कोण करतलो?”

“आमचो ग्रूप आसा मरे! नाणीं विकतंय म्हणून घालायचा. घेणारो सरळ तुज्या खात्यात रुपये घालता. पाच मिनटांचा काम.”

“मधी कोण नसलो, आणि कायतरी वायट झाला, तर विचारूक जायचा कोणाकडे?”

“वायट कित्याक जातला?” प्रज्योत हसला. हे उत्तर नव्हतं, पण करासकट एकोणीसशे रुपये वाचत असताना माणूस हसण्यालाही उत्तर समजतो.

नाणी परेशच्या फोनात आली. आता प्रश्न खात्याचा. त्याचं स्वतःचं खातं त्याची सीए गौरवी दर महिन्याला बघायची. अनोळखी नोंद दिसली की ती फोन करून “परेशबाब, हे कितें?” असं इतक्या मऊ आवाजात विचारायची की परेशला आदल्या वर्षीच्या नोंदीही आठवायच्या. असल्या नाण्यांवर कर किती, तो कुणी कापायचा, कुणी भरायचा, हे सगळं तिने विचारलं असतं. मग परेशला काउंटरचा खण आठवला.

केरीत सीझनची एक रीत आहे. ऑक्टोबरात बेळगाव-कोल्हापूरकडची माणसं कामाला येतात, मे महिन्यात परत जातात. एका खोलीत सहा-सहा जण राहतात, तिथे काही ठेवायची सोय नाही. म्हणून पगार खात्यात पडतो, आणि त्या खात्याचं पासबुक, एटीएमचं कार्ड आणि बँकेचे निरोप जिच्यावर येतात ती सिम मालकाच्या खणात राहते. मे महिन्यात मालक सगळं हिशेबासकट हातात देतो. याला कुणी विश्वास म्हणतं, कुणी सोय म्हणतं. कागदावर याला काहीच म्हणत नाहीत.

परेशच्या खणात काशिनाथचं खातं होतं. काशिनाथ खानापूर तालुक्यातल्या एका खेड्याचा, सात वर्षं ‘सुरूबन’चा आचारी. आला तेव्हा त्याला तिसळ्या आणि शिणाणे या शिंपल्यांतला फरक कळत नव्हता. आता केरीतली माणसं स्वतःच्या घरचं माशाचं हुमण सोडून त्याच्या हातचं खायला येत होती. त्याच्या खात्यात एक लाख शहाऐंशी हजार रुपये होते. त्यात आणखी थोडे दोन दिवस पाहुणे म्हणून राहिले तर काय बिघडतं, असा विचार परेशने केला. पाहुणे ठेवणं हाच त्याचा धंदा होता.

ग्रूपवर तिघांनी दर दिला. तिसऱ्याचा दर नाण्यामागे अडीच रुपयांनी जास्त. जास्त दर देणारं गिऱ्हाईक चांगलं, हे काजू विकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. चोरालाही पैसे लवकर फिरवायचे असतात आणि म्हणून तोच सगळ्यात जास्त दर देतो, हे मात्र वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात नव्हतं. काशिनाथच्या खात्यात सत्तेचाळीस हजार तीनशे वीस रुपये आले. परेशने ते दोन दिवसांत काशिनाथच्या कार्डाने काढून घेतले. मशीनचे वाचले एकोणीसशे, दराचे मिळाले तेराशे. एकूण बत्तीसशे. त्या आनंदात त्याने सगळ्या कामगारांसाठी मोठा इसवण मासा आणला.

“मालक, आज कसला सण वो?” तुकडे करता करता काशिनाथने विचारलं.

“असाच,” परेश म्हणाला. “तुम्ही पण खायला पाहिजे कधीतरी.”

मार्च महिना निम्मा झाला तेव्हा काशिनाथ हात पुसत काउंटरवर आला. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि ते आनंदाचं होतं, त्यामुळे तो जास्तच गंभीर होता.

“मालक, पुढल्या सीझनला मी येत नाही.”

“का रे? काय झालं?”

“गिरण घालतोय गावात. आमच्याकडची बंद पडल्याय, दळपाला माणसं तालुक्याला जातात. बेळगावात एकजण जुनी देतोय, दगडासकट, मोटरसकट. एक लाख चाळीस म्हणतोय. एकतीस तारखेपर्यंत थांबतो म्हणालाय, पुढं दुसरा गिऱ्हाईक तयार हाय. तेवढे पाठवा की माझ्यातनं.”

“अरे वा!” परेश म्हणाला. त्याला चांगलं वाटायला हवं होतं, पण काशिनाथशिवाय खानावळ म्हणजे नुसती टेबलं, हेही त्याच वेळी वाटून गेलं. त्याने फोन काढला, त्यात खणातली सिम घातली आणि आकडा टाकला. फोन नाही म्हणाला. परत टाकला. परत नाही. मग त्याने काशिनाथला चहा टाकायला पाठवलं आणि सुरूच्या झाडाखाली जाऊन बँकेला फोन लावला. तिथून आल्यावर त्याचा चेहरा वाळूच्या रंगाचा झाला होता.

“सर्व्हर डाऊन आहे,” तो म्हणाला.

सर्व्हर तीन दिवस डाऊन राहिला. जगात इतका वेळ सर्व्हर डाऊन राहत नाही हे काशिनाथला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी, बुधवारी, त्याची सुट्टी होती. तो न सांगता बसने पेडण्याच्या बँकेत गेला आणि दुपारी परत आला. परेश रिकाम्या खानावळीत बसला होता.

“मालक, चूक झाली,” काशिनाथ म्हणाला.

परेशला क्षणभर वाटलं, हे आपणच बोललो.

“बँकेतल्या बाई म्हणाल्या, खातं गोठवलंय. कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या पोलिसांनी. ‘तुमच्या खात्यात चोरीचे पैसे आले,’ म्हणाल्या. एका रिटायर मास्तरीणबाईंचे. कोणीतरी फोनवर भीती घालून काढलेले. सगळ्या माणसांच्या देखत म्हणाल्या वो, मोठ्यानं.”

“मग तू काय म्हणालास?”

“मी काय म्हणणार? तुम्ही फोनवर काय दाबलं काय, म्हणून त्यांनी विचारलं. मग आठवलं.” काशिनाथने मान खाली घातली. “गेल्या महिन्यात कुस्ती बघत होतो. मधीच एक चौकोन आला. लाल. मी तो दाबला, मालक. तिथनंच शिरलं असणार.”

खरं बोलायला ती जागा उत्तम होती. सावली होती, वारा होता, गिऱ्हाईक नव्हतं. परेशने तोंड उघडलं. पेला भरायला उचललेलं भांडं कधीकधी आपोआप दुसऱ्याच पेल्यात ओतलं जातं, तसं काहीतरी झालं.

“असल्या लिंक दाबायच्या नसतात, काशिनाथ,” तो म्हणाला.

“परत नाही दाबणार. आईशप्पत,” काशिनाथ म्हणाला आणि खिशातला फोन काढून काउंटरवर ठेवला. “हा बी तुमच्या खणातच ठेवा. माझ्या हातात नको.”

परेशने फोन खणात ठेवला. खण बंद करताना त्याच्या मनात आलं की, गिरण नाही झाली तर पुढल्या सीझनला काशिनाथ येईल. हा विचार त्याने बोलावला नव्हता. पण आलेल्याला त्याने बाहेरही काढला नाही. नंतर तो उठून मोरीवर गेला आणि त्याने बराच वेळ तोंड धुतलं.

काशिनाथला मात्र स्वतःच्या कबुलीवरही भरवसा नव्हता. देवळातला जयराम गुरव रोज सकाळी ‘सुरूबन’मध्ये चहाला यायचा. त्याच्याकडून काशिनाथला कळलं होतं की, गावचा देव कौल देतो. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

“मला विचारायचंय, मालक. चूक माझी का दुसऱ्याची? माझी असंल तर मान्य. पण मी परगावचा. तुमच्या देवापुढं प्रश्न गावच्या माणसानंच घालायचा असतो म्हणे. तुम्ही घाला.”

नाही म्हणायला परेशकडे शंभर कारणं होती, पण प्रत्येक कारणाच्या मागे खरं कारण उभं होतं.

सोमवारी सकाळी दोघे देवळात गेले. जयरामने पाकळ्या भिजवून मूर्तीच्या दोन्ही अंगांना लावल्या, घंटा वाजवली आणि परेशकडे बघितलं. “हं. घाल गाऱ्हाणा.”

परेशने हात जोडले. “बा देवा म्हाराजा,” त्याने सुरुवात केली. “हो तुज्या गावात पोट भरूक आयिल्लो काशिनाथ. हेच्या खात्याक कुलूप पडलाहा...” इथपर्यंत सगळं खरं होतं. पुढे प्रश्न घालायचा होता. चूक कुणाची, असा उघडा प्रश्न कौलाला चालत नाही. होय किंवा नाही असं उत्तर येईल असाच घालावा लागतो. तो कसा घालायचा हे गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या हातात असतं.

“...तर हेच्याच हातसून चूक झाली आसली, तर उजवो दी.”

आता देव नाही म्हणेल, असं परेशला वाटलं. नाही म्हणेल, डावी पडेल, आणि मग आपल्याला बोलावंच लागेल. आयुष्यात पहिल्यांदा तो देवापुढे आपल्या विरुद्ध निकाल मागत उभा होता. पाकळ्या हलेनात. जयराम हळूच खोकला. काशिनाथ डोळे मिटून ओठ हलवत होता. मग उजव्या खांद्यावरची एक पिवळी पाकळी सुटली आणि खाली आली.

“उजवो,” जयराम म्हणाला. “स्वच्छ.”

परतताना काशिनाथचा चेहरा हलका झाला होता. स्कूटरच्या मागून तो बोलत होता. “बरं झालं मालक, विचारलं ते. मी मनात दुसऱ्यावर संशय घेत होतो.”

परेशची स्कूटर जराशी हलली. “कोणावर?”

“प्रज्योतवर. त्यानं एकदा माझा फोन हातात घेतला होता. उगीच एका चांगल्या माणसाचं पाप लागलं असतं.”

देवाने मालकाची बाजू घेतली होती. याचा मालकाला आनंद झाला नाही. खोटी साक्ष देऊन खटला जिंकलेल्या माणसाला न्यायाधीशाचा राग यावा, तसा त्याला देवाचा राग आला. आणि त्या दिवसापासून काशिनाथने संध्याकाळचं जेवण सोडलं. साठ माणसांचं रांधायचा, वाढायचा, आणि स्वतः पाणी पिऊन भांडी आवरायचा. देवानं चूक दाखवली म्हटल्यावर माणसानं काहीतरी सोडायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

हे परेशला त्याच्या बायकोने सांगितलं. संजना दुपारी काउंटर सांभाळायची. ती कमी बोलायची आणि वह्या जास्त बघायची.

“काशिनाथ सांजचो जेवना. तुमका ठाऊक आसा?”

“नाय.”

“आणि त्या गोऱ्या जोडप्याचे शेचाळीस हजार खंय आसत? मशीनीर दिसनत, आमच्या खात्यार दिसनत. रोख दिल्यानी म्हणून तुमी लिवलात. ती मनशा तीन आठवडे पावाचे पैसे सुदां कार्डान दी होती.”

परेशने सांगितलं. सगळं सांगितलं, इसवणासकट. सांगून झाल्यावर संजनाने दारातून दिसणाऱ्या स्वयंपाकघराकडे बघितलं.

“देवाकडे त्याचा नाव घेतलात?”

“घेतला.”

“आणि तुमचा?”

“माजा कोणी विचारूकच नाय.”

“एकोणीसशे रुपयांक,” संजना म्हणाली.

“आणि वयले तेराशे,” परेश म्हणाला. आकड्यांच्या बाबतीत तो पहिल्यापासून प्रामाणिक होता.

संजनाने वही मिटली. “एकतीस तारीख मंगळवारी,” ती म्हणाली, आणि उठून गेली.

बँकेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं की, खातेदाराच्या सहीचा खुलासा हवा. पैसे कुणाचे, कशाचे, व्यवहार कुणी केला. वादातली रक्कम परत द्यायला संमती दिली तर उरलेल्या पैशांवरची बंदी उठायची शक्यता होती. शुक्रवारी सकाळी परेशने इंग्रजीत दोन खुलासे लिहिले. पहिला सात ओळींचा. मी, काशिनाथ, अजाणतेपणी एका लिंकवर बोट लागल्यामुळे, वगैरे. भाषा छान उतरली होती, आणि त्यात काशिनाथ सोडून कुणालाही इजा होत नव्हती. दुसरा दीड पानाचा. सदर नाणी माझी, परेश केरकरची. त्यात सीए होती, करखातं होतं, लांबच्या राज्यातले पोलीस होते, आणि ते सगळे एका रांगेत ‘सुरूबन’च्या दारात उभे असलेले परेशला दिसत होते. या कागदाखाली परेशची सही, आणि त्याच्याखाली खातेदाराची.

दोन्ही कागद घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. काशिनाथ नारळ खवत बसला होता. चुलीवर हुमण रटरटत होतं.

“बँकेला द्यायचा खुलासा. तुझी सही लागेल.”

“द्या की.” काशिनाथने हात पुसले आणि पेन मागितलं. “कुठं करू?”

“वाचून दाखवतो आधी.”

“काय करायचंय वाचून? तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर.”

तो थट्टा करत असता तर परेशला सोपं गेलं असतं. पण काशिनाथ पेन धरून कागदावर जागा शोधत होता, कुठल्या कागदावर हेही न बघता. परेशने वरचा कागद चुरगळून चुलीजवळच्या कचऱ्यात टाकला आणि खालचा वाचायला घेतला. एकेक ओळ वाचायची आणि तिचं मराठी करायचं.

“मी परेश केरकर. खातं काशिनाथचं आहे, पण त्यातला हा व्यवहार काशिनाथने केलेला नाही.”

काशिनाथने वर बघितलं. “पुढं वाचा.”

परेशने पुढचं वाचलं. नाणं, ग्रूप, अडीच रुपये, पासबुक, एटीएमच्या दोन फेऱ्या. दीड पान संपायला बराच वेळ लागला. मध्ये हुमण उतू जायला लागलं तेव्हा काशिनाथने उठून आच बारीक केली आणि परत येऊन बसला.

“म्हणजे कुस्तीचं काय नव्हतं,” शेवटी तो म्हणाला.

“नव्हतं.”

“आणि देव?”

“देवाला प्रश्न मीच तसा घातला.”

“घातला तुम्ही. उत्तर तर त्यानं दिलं की.” काशिनाथने खवलेला नारळ हाताने गोळा केला. “गावचा देव तुमचा. तो तुमचंच ऐकणार.”

परेशने वाचलेल्या कागदाची घडी घातली.

“त्या दिवशीचा इसवण त्यातलाच?”

परेशने मान हलवली. काशिनाथने पंच्याने तोंड पुसलं. तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

“किती वाचले?”

“एकोणीसशे. आणि दराचे तेराशे. बत्तीसशे सगळे मिळून.”

“मागितले असते तर दिले असते की वो मी,” काशिनाथ म्हणाला. तो रागाने बोलला असता तर परेशला धरायला काहीतरी मिळालं असतं. तो नुसता आकडा समजून घेतल्यासारखा बोलला.

“गिरणीचे एक लाख चाळीस मी आत्ता पाठवतो,” परेश घाईने म्हणाला. “माझ्या खात्यातून. बँकेचं मागाहून होईल तेव्हा होईल.”

“ते तर पाठवायलाच पाहिजेत. त्यात मला काय विचारताय?”

“हो. म्हणजे, सांगितलं.”

“आणि त्या मास्तरीणबाईंचं काय?”

या सगळ्या दिवसांत परेशने काशिनाथचा विचार केला होता, स्वतःचा तर फारच केला होता. गौरवीचा, पोलिसांचा, अगदी देवाचाही केला होता. पण कुठल्यातरी गावात एक बाई रिकामं पासबुक घेऊन बसली असेल, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने ती ‘वादातली रक्कम’ होती.

“त्यांचे परत द्यायला संमती आहे, असं लिहिलंय,” तो म्हणाला. “ते तुझ्या खात्यातून जातील. तेवढे मी तुला भरून देईन.”

“सगळे?”

“सगळे. तीनशे वीससकट.”

काशिनाथ उठला. “खण उघडा,” तो म्हणाला.

परेशने खण उघडला. पासबुक, कार्ड, सिम, फोन. काशिनाथने एकेक वस्तू बाहेर काढली. सिम फोनात घालायला त्याला दहा मिनिटं लागली. परेश मदतीला पुढे झाला तेव्हा त्याने नुसता हात आडवा धरला. सिम दोनदा उलटी गेली, तिसऱ्यांदा बसली. मग त्याने गिरणवाल्याला स्वतः फोन लावला, पैसे आजच येतायत म्हणून सांगितलं, आणि पैसे पोचल्याचं समोरून कळेपर्यंत काउंटरपुढे उभा राहिला.

“चल,” परेश म्हणाला. “एक वाजता बँकेत जेवणाची सुट्टी होते. बस मागे.”

“तुम्ही व्हा पुढं. मी बसनं येतो.”

“अरे, स्कूटर आहे की.”

“बसनं येतो,” काशिनाथ म्हणाला.

परेश पेडण्याला पोचला आणि बँकेच्या पायरीवर कागद धरून उभा राहिला. पाऊण तासाने बस आली. काशिनाथ उतरला तेव्हा त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. दोघे आत गेले आणि परेशने टोकन घेतलं. बत्तीस नंबर. समोरच्या पाटीवर सव्वीस चालू होता. खिडकीमागे त्या बाई बसल्या होत्या. खुर्च्यांवर आंबे, काजू, पेन्शन अशा गोष्टी बोलत गावोगावची माणसं बसली होती. त्यातली दोन-तीन केरीची होती आणि परेशला ओळखून हसली.

काशिनाथने त्याच्या हातातला कागद घेतला, उलटसुलट बघितला. “यात माझं नाव कुठंय?”

“तीन ठिकाणी आहे.” परेशने बोट ठेवून दाखवलं आणि खालच्या आवाजात मराठी करून सांगितलं. “काशिनाथने हे केलं नाही. काशिनाथला हे ठाऊक नव्हतं. काशिनाथचा यात दोष नाही.”

काशिनाथने मान हलवली. पाटीवर एकतीस नंबर आला होता.

“तिकडं खिडकीपाशी गेल्यावर वाचा परत,” तो म्हणाला. “मराठीतनं. आणि मोठ्यानं.”

पाटीवर बत्तीस आला. परेश उठला, खिडकीपाशी गेला आणि त्याने घसा खाकरला.